सूक्ष्मदर्शीचा टिळा

सहावीत आलेल्या मुलांच्या आईवडलांची पहिली पालकसभा जूनमध्ये होते. तिथे मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, यंदा विज्ञानात काय काय घेणार?" विचारणाऱ्याला अभ्यासक्रम ऐकायचा नसतो, कुठलं गाईड घ्यायचं ते हवं असतं. मी गाईडचं नाव सांगत नाही. मी सांगते, "घरातलं लिंबू, खायचा सोडा आणि हळद यापुढे सांभाळून ठेवा. कपड्यांना डाग पडतील, ते निघणार नाहीत. मूल जेवताना विचारेल की दुधावर साय का येते, आणि तुम्हाला सांगता येणार नाही. मलाही सगळं येतं असं नाही. तेव्हा ‘गप जेव’ म्हणू नका. ‘आपण बघू’ म्हणा." लोक हसतात. मागच्या बाकावरचे काही जण हसत नाहीत. ते घरी जाताना गाईड घेऊनच जातात.

आमची शाळा शहर संपून मळे सुरू होतात तिथे आहे. कुंपणाच्या एका बाजूला नव्या इमारती आणि त्यांचे वाळूचे ढीग, दुसऱ्या बाजूला कोथिंबीर, झेंडू आणि गुलाब. वर्गातली निम्मी मुलं मळ्यातली. त्यांचे आईवडील पहाटेच फुलं आणि भाजी घेऊन नदीकाठी, आमच्याकडच्या भाषेत गंगेवर, बाजाराला जातात. बाकीची रिक्षावाल्यांची, दुकानदारांची, कंपनीत पाळीवर जाणाऱ्यांची. मळ्यातल्या पोरांना विज्ञान शिकवणं सोपं असायला हवं, कारण त्यांनी सगळं बघितलेलं असतं. ठिबकच्या नळीत साचणारा क्षार, पानावरची पांढरी भुरी, कळीत लपलेली माव्याची कीड. पण त्यांना हे विज्ञान वाटतच नाही. मावा कधी बघितलास का, असं एकदा एका मुलाला विचारलं. तो म्हणाला, "रोज बघतो मॅडम, पण तो आमचा. पुस्तकातला नाही बघितला."

मी रागीट आहे. हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे आणि मीही नाकारत नाही. मस्तीचा मला राग येत नाही. विज्ञानाच्या तासाला मस्ती होणारच, चुंबक हातात दिल्यावर शेजाऱ्याच्या डब्याला लावून बघणार नाही असं मूल मला अजून भेटायचं आहे. मला राग येतो तो प्रयोग करायच्या आधीच निष्कर्ष लिहून आणणाऱ्यांचा. निरीक्षण, अनुमान, सगळं सुंदर अक्षरात आणि लाल शाईने अधोरेखित. परीक्षानळी मात्र अजून कपाटात. अशा वेळी माझा आवाज शेजारच्या भूगोलाच्या तासाला ऐकू जातो, असं भूगोलाच्या सरांचं म्हणणं आहे.

तर ही गोष्ट गेल्या वर्षीच्या सातवीची. दिवाळीची सुट्टी संपली होती आणि पेशींचा धडा चालू होता. कांद्याचा पापुद्रा काढायचा, त्यावर आयोडिनचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शीखाली बघायचा. वर्षभरात मुलं ज्या प्रयोगाची वाट बघतात तो हा. त्यातून आमचा जिल्हा कांद्याचा. उद्या एक कांदा आण, असं एका मुलाला सांगितलं तर त्याच्या मामाचा ट्रॅक्टर लासलगावला निघालेला, त्याने वाटेत शाळेच्या फाटकाशी अर्धी गोणीच उतरवली. प्रयोग झाल्यावर उरलेला कांदा खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडे गेला आणि आमच्या धड्याचा वास सगळ्या शाळेत पसरला.

सूक्ष्मदर्शी आमच्याकडे एकच आहे, पण चांगला आहे. गोल फिरणाऱ्या चकतीवर तीन भिंगं, एक आखूड, एक मधलं आणि एक लांब. तो काचेच्या कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे. त्या दिवशी मी आखूड भिंग लावलं, काचपट्टी ठेवली आणि आधी स्वतः बघितलं. पेशी स्वच्छ दिसत होत्या. मग मुलांची रांग लावली आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले, कारण तिथे काही मुली पापुद्रा काढत होत्या आणि तो सारखा गुंडाळला जात होता. पापुद्र्याला घडी पडली की सगळं मुसळ केरात.

रांग भराभर पुढे सरकत होती. मूल वाकायचं, एक डोळा मिटायचं, "दिसलं मॅडम" म्हणायचं आणि बाकावर जाऊन चित्र काढायला बसायचं. दिसलं मॅडम, दिसलं मॅडम. इतक्या लवकर हा प्रयोग माझ्या हातून कधी उरकला नव्हता. तास संपायच्या आत चित्रं टेबलावर आली. फरशी बसवल्यासारख्या पेशी, प्रत्येकीत केंद्रक, बाणांनी दाखवलेली नावं. मी खूश होऊन सह्या केल्या. त्या दिवशी घरी जाताना स्कूटरवर मी गाणं गुणगुणत होते.

रांगेत शेवटाकडे एक मुलगी होती. मळ्यातली. तिच्या घरचे गुलाब आहेत. बोलायला कमी, पण विचारलं की नेमकं सांगणारी. ती सूक्ष्मदर्शीपाशी वाकली ती वाकलेलीच राहिली. मागचा मुलगा म्हणाला, "अगं चल की, आम्हाला बघू दे." मग ती सरळ झाली आणि जागेवर जाऊन बसली. तिचं चित्र आलं नाही. उद्या देईल, असं मला वाटलं.

तिने दिलं नाही. उलट पुढच्या आठवड्यात ती मागच्या बाकावर जाऊन बसली. मी प्रश्न विचारला की वहीत बघायची. आठवीच्या शिष्यवृत्तीची तयारी म्हणून शाळा सुटल्यावर मी काही मुलांचा जादा तास घेते, त्यालाही येईनाशी झाली. घरी काम असेल, लग्नसराई सुरू झाली की गुलाबवाल्यांना उसंत नसते, असं मी धरून चालले होते.

मग एका शुक्रवारी तिची आई शाळेत आली. बाजारातून परस्पर आलेली, हातात रिकामी पाटी. सोबत मुलगी, मान खाली.

"मॅडम, उद्या हिला सुट्टी पाहिजे," आई म्हणाली. "डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचंय."

"का हो ताई, काय झालं?"

"तिला दिसत नाय. तुम्ही ते मशीन दाखवलं ना, त्यात समद्या वर्गाला दिसलं, हिला एकटीलाच दिसलं नाय. घरी येऊन लय रडली. चित्र काढलं नाय म्हणून पोरं आंधळी कोशिंबीर म्हणत चिडवत्यात. आता म्हणती, मी विज्ञानाला बसणारच नाय." आईने पाटी खाली ठेवली. "मला तर बाई धडकीच भरली. हिच्या आत्याचे डोळे असेच लहानपणी गेले. घरात एक जण तशी हाय मॅडम. हिचे वडील म्हणत्यात, वाचनानं डोळ्यावर ताण येतो, तो जादाचा तास बंद कर."

मी मुलीकडे बघितलं. तिला जादा तास किती आवडायचा हे मला ठाऊक होतं. गणितातलं कोडं सुटलं की ती हसायची नाही, फक्त पुढचं पान उलटायची. तो तास तिने आपण होऊन सोडला नव्हता, भीतीने सोडला होता. आणि इथे तिची आई आत्याच्या आठवणीने हादरून उभी होती.

"घरी फुलं निवडते का ही?" मी विचारलं.

"निवडती की. पहाटे दिव्याखाली बसून कळ्या निवडती. किडकी एक सुटत नाय तिच्या हातून. म्हणून तर कळत नाय मला."

मलाही कळेना. "त्या दिवशी तुला काय दिसलं?" मी मुलीला विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? अंधार होता?"

तिने थोडा विचार केला. "अंधार नव्हता. तांबूस होतं. धुक्यासारखं."

आंधळ्या डोळ्यांना तांबूस धुकं दिसतं का ते मला माहीत नाही, पण इतकं नेमकं उत्तर देणाऱ्या मुलीला काहीतरी दिसलं होतं हे नक्की. मी मामांकडून किल्ली मागवली. सूक्ष्मदर्शी त्या प्रयोगानंतर कुणी वापरलेला नव्हता, मामांनी तसाच उचलून कपाटात ठेवला होता. मी तो टेबलावर घेतला, आरसा उजेडाकडे वळवला आणि दुसरं काही न हलवता डोळा लावला.

तांबूस धुकं. मी माझा चष्मा पुसला आणि परत बघितलं. तरीही धुकं. "ताई, तुम्ही बघा जरा," मी म्हटलं. आईने पदर सावरला, वाकली आणि म्हणाली, "मला पन तसंच दिसतंय वो. मंग माझे बी गेले काय?"

तेव्हा कुठे माझं लक्ष चकतीकडे गेलं. मी लावलं होतं आखूड भिंग. आता खाली होतं लांब भिंग. मोठं भिंग लावलं की मोठं दिसेल, असं रांगेतल्या कुणालातरी वाटलं असणार आणि त्याने चकती फिरवली असणार. मी भिंग फिरवून काढलं आणि उलटं करून त्याचं टोक उजेडात धरलं. टोकाच्या इवल्याशा काचेवर हळद-कुंकू वाळून बसलं होतं, अगदी व्यवस्थित, गोल.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा होते. शाळेत शस्त्रं कुठून असणार, म्हणून घंटा, खडू-फळा, झाडलोटीचे खराटे, संगणक आणि विज्ञानाच्या कपाटातलं सामान पुजलं जातं. पूजा मामा करतात, आणि मनापासून करतात. बोट ओलं करून आधी हळद, मग कुंकू, मग झेंडूचं फूल. तापमापीला टिळा, तराजूला टिळा. सूक्ष्मदर्शीचं लांब भिंग सगळ्यांत पुढे आलेलं, त्यामुळे मान त्याला मिळाला होता. आखूड भिंग आत दडलेलं असल्यामुळे वाचलं होतं. रांगेतल्या पहिल्या चार-पाच मुलांनी खरोखर पेशी बघितल्या असतील. बाकीच्यांनी मामांचा टिळा आतल्या बाजूने बघितला होता.

मी मायलेकींना ते दाखवलं. आई आधी हसली, मग तिने डोळे टिपले, मग परत हसली. "ह्या कुंकवापायी मी किती रात्री झोपले नाय मॅडम," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की डोळे तपासून घ्यायचे असतील तर खुशाल घ्या, घरात कुणाला त्रास असेल तर तपासलेले बरेच, पण या कारणासाठी घाबरू नका. तिने पाटी उचलली. तिच्यापुरता प्रश्न मिटला होता.

मुलीचा मिटला नव्हता. ती भिंगाकडे बघत उभी होती. "पण मॅडम," ती म्हणाली, "बाकीच्यांना तर दिसलं ना."

"त्यांनाही दिसलं नसणार. नुसतंच दिसलं म्हणाले."

तिने मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं. मॅडम मला बरं वाटावं म्हणून बोलतायत, असा तिचा चेहरा होता. आणि तिचं तरी काय चुकत होतं? सगळा वर्ग एका बाजूला आणि ती एकटी एका बाजूला. मी हजारदा सांगितलं असतं तरी ते माझं सांगणं झालं असतं. हे तिने त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं होतं, नाहीतर ही मुलगी यापुढे काहीही बघताना आधी शेजारच्याला काय दिसलं ते विचारणार, याची मला धास्ती वाटली. म्हणून मी भिंग न पुसताच परत बसवलं. सूक्ष्मदर्शी तसाच कपाटात ठेवला.

जाताजाता मामांना गाठलं. मी रागात होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर माझा राग निम्मा उतरला.

"मामा, भिंगाला कुंकू कशाला लावलंत?"

"मग कुठं लावायचं मॅडम? ते बघायचं यंत्र हाय. त्याचा डोळा म्हणजे मुख्य जागा."

"अहो, डोळ्यात कुंकू घातल्यावर त्याला दिसणार कसं? पायाला लावा."

"पायाला नमस्कार करत्यात मॅडम. टिळा कपाळाला लावत्यात."

शेवटी आम्ही दोघांनी उभं राहून सूक्ष्मदर्शीचं कपाळ शोधलं. मागच्या बाजूला पकडायची वाकडी मूठ असते, तिच्या वरचा भाग कपाळ धरायचा, असं ठरलं. मामांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "पोरीला सांगा, माझ्यामुळं झालं म्हणून." मी म्हटलं, सांगते.

सोमवारी सातवीला विज्ञानाच्या खोलीत बसवलं. सूक्ष्मदर्शी टेबलावर ठेवला, लांब भिंग खाली, काचपट्टीवर नवा पापुद्रा. "आज परत बघायचं आहे," मी सांगितलं. "बघायचं आणि सगळ्यांना ऐकू येईल असं सांगायचं. फक्त दोन शब्द बोलायचे नाहीत. पेशी म्हणायचं नाही आणि केंद्रक म्हणायचं नाही. जे दिसेल तेच आपल्या शब्दांत."

एरवी सगळ्यांत आधी उठणारी मुलं बुटांकडे बघायला लागली. मी मागच्या बाकाकडे बघितलं आणि तिला हाक मारली. त्या क्षणी मला स्वतःचीच भीती वाटली. हिला रडू कोसळलं तर मी हिला कायमची मागच्या बाकावर बसवून ठेवली असं होईल. ती जागेवर उभी राहिली. मग पुढे आली.

वाकली. बघितलं. डोळा बदलून परत बघितलं. सरळ झाली आणि वर्गाकडे न बघता भिंतीकडे बघून म्हणाली, "तांबूस धुकं दिसतंय. रेघ एकही नाही."

मागून कुणीतरी फिस्कन हसलं आणि "आंधळी..." एवढंच म्हणालं, कारण मी तिकडे बघितलं. भूगोलाच्या सरांना त्या दिवशी काही ऐकू गेलं नसेल. मी नुसतं बघितलं होतं.

"आता तू ये," मी वर्गप्रमुखाला म्हटलं. हा मुलगा हुशार, अक्षर छापल्यासारखं. त्याचं कांद्याच्या पेशीचं चित्र इतकं सुबक होतं की मी त्यावर ‘छान’ असं लिहिलं होतं. तो वाकला. त्याचे कान आधी लाल झाले आणि मग तो बोलला.

"मॅडम, धुकंच आहे."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशीपण."

"मग चित्र कशाचं काढलंस?"

"पुस्तकातलं." "पुढच्या सगळ्यांना दिसलं होतं मॅडम. मला वाटलं, माझ्याच डोळ्यात काहीतरी आहे. मी कुणाला सांगितलं नाही."

आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. एकेक जण येऊन बघायला लागला, आणि बघून झालं की सांगायला लागला. मलापण धुकंच. मलापण. मला वाटलं मी डोळा चुकीचा मिटला. मला वाटलं माझी उंची कमी आहे म्हणून. एक मुलगी म्हणाली, "मी तर त्या दिवसापासून रोज रात्री गाजर खाते." वर्ग खो-खो हसला आणि तीही हसली. जवळजवळ सगळ्या वर्गाला आपापले डोळे गेले असं वाटत होतं, आणि प्रत्येकाने ते आपल्यापाशी ठेवून दुसऱ्याला आंधळी कोशिंबीर म्हटलं होतं.

मी रागावायचं ठरवून आले होते. रागावले नाही. खोटं बोलायचं म्हणून त्यांच्यातलं कुणीच बोललं नव्हतं. पुढच्याला दिसलं तर आपल्यालाही दिसायलाच हवं, एवढंच त्यांना वाटलं होतं. आणि ती मुलगी टेबलाशी उभी राहून प्रत्येकाचं ऐकत होती. सुरुवातीला भिंतीकडे बघत होती, मग बोलणाऱ्याकडे बघायला लागली. गाजरवालीच्या वेळी तिला हसू आलं. मला इतकं बरं वाटलं की मी उगीचच खिडकी उघडायला गेले.

भिंग पुसायचं काम मी तिलाच दिलं. तिची बोटं कळ्या हाताळणारी, हलकी. प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट आणि मऊ सुती चिंधी. तिने इतक्या हळुवारपणे पुसलं की सगळा वर्ग श्वास रोखून बघत होता. चिंधीवर पिवळा-तांबडा डाग पडला. कुणीतरी ती चिंधी साबणाने धुवायला नेली तर पिवळा डागही लालभडक झाला, आणि नळापाशी एकच गलका उठला, "मॅडम, हळदीचा दर्शक, मागच्या वर्षीचा धडा." मागच्या वर्षी तोच धडा मी घसा फोडून शिकवला होता, तेव्हा निम्मा वर्ग पेंगत होता.

मग सगळ्यांनी परत बघितलं आणि परत चित्रं काढली. इतकी ओबडधोबड चित्रं माझ्याकडे आजवर आली नव्हती. कुणाच्या चित्रात मधोमध हवेचा मोठा बुडबुडा, कुणाच्या पापुद्र्याला घडी, कुणाला एकच पेशी दिसलेली आणि तीही अर्धी. वर्गप्रमुखाने तर काचपट्टीवर पडलेला कापसाचा तंतूही काढला होता आणि त्याला बाण करून लिहिलं होतं, "हे काय आहे माहीत नाही." ती चित्रं मी भिंतीवर लावली. मुख्याध्यापिका बाई बघून म्हणाल्या, "यापेक्षा चांगली नाहीत का?" मी म्हटलं, यापेक्षा चांगली माझ्याकडे कधी आलीच नव्हती. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

मुलगी पुढच्या बाकावर परत आली. जादा तासालाही आली. डोळे तपासून झाले होते, डॉक्टरांनी काही दोष नाही म्हणून सांगितलं होतं आणि वडलांनी तासाचा विषय सोडून दिला होता. पण माझ्या मनातली शंका पूर्ण गेली नव्हती. एकदा सगळा वर्ग तिच्या बाजूने बोलला म्हणून तिला धीर आला होता. परत कधी ती एकटी पडली तर काय, हे मला माहीत नव्हतं आणि ते विचारून कळण्यासारखंही नव्हतं.

फेब्रुवारीत पालकांसाठी विज्ञान प्रदर्शन भरलं. सूक्ष्मदर्शी सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. त्या दिवशी मी सकाळपासून नुसती धावत होते. सहावीचा ज्वालामुखी उद्घाटनाच्या आधीच उतू गेला होता, पाचवीच्या पवनचक्कीची पाती उलटी बसली होती, आणि मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यातून पाहुण्यांना घेऊन येत होत्या. तिच्या टेबलापाशी आईवडलांची रांग लागली होती. रांगेत तिची आई होती, सोबत वडील, आणि वडलांच्या दंडाला धरून उभी असलेली आत्या. मी घाईघाईने त्यांच्या पुढे घुसले, सूक्ष्मदर्शीवर क्षणभर वाकले आणि मान हलवली.

"वा, पेशी छान दिसतायत," मी म्हटलं. "अशाच राहू देत, हलवू नकोस."

"मॅडम," ती म्हणाली, "अजून काचपट्टी लावलेली नाही."

हे तिने माझ्या कानात सांगितलं नाही. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा रोजच्या आवाजात सांगितलं, आणि माझ्या तोंडाकडे न बघता पापुद्र्याची काचपट्टी उचलून जागेवर बसवली. मग बाजूला सरकली आणि मला नीट बघता यावं म्हणून स्टूल पुढे ओढलं.